जलाशयाची पातळी वाचताना: प्रत्येक मीटर सारखा नसतो

तुमचे चार प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. एका जलविद्युत जलाशयाची रोजची पातळी तुम्ही काही महिने टिपून ठेवलीत. सुरुवातीला ती सावकाश उतरत होती. पुढे वीजनिर्मिती तेवढीच असताना भराभर उतरू लागली, असे का? नदी दुथडी भरून वाहत असताना जलाशय मुद्दाम रिकामा का ठेवतात? समोर अथांग पाणी दिसत असताना ‘साठा संपला’ म्हणून केंद्र बंद कसे होते? आणि पातळी खूप खाली असेल, तर धरणाखालच्या पात्रात उतरणे सुरक्षित असते का?

जलविद्युत केंद्राच्या परिचालनात मी अनेक वर्षे काढली. पाळीवर रुजू झालो की पहिला प्रश्न पातळीचा असे आणि पाळी सोपवताना शेवटची नोंदही पातळीचीच. त्यामुळे एवढे खात्रीने सांगू शकतो की पातळीचा आकडा एकटा वाचला तर तो फसवतो. आपण धरून चालतो की मीटर म्हणजे मीटर. जलाशयात वरचा मीटर आणि खालचा मीटर यांत पाणी वेगळे असते, त्या पाण्यातून निघणारी वीज वेगळी असते आणि धोकाही वेगळा असतो. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे इथूनच निघतात.

एक जलाशय मनात धरू. नदीचा तळ ५०० मीटर तलांकावर, म्हणजे समुद्रसपाटीपासून तेवढ्या उंचीवर; पूर्ण संचय पातळी, म्हणजे जलाशय पूर्ण भरल्यावरची पातळी, ६०० मीटर. दरी तळाशी चिंचोळी आणि वर रुंद होत गेलेली, उलट्या शंकूसारखी. काठोकाठ भरला की त्यात १००० दशलक्ष घनमीटर, म्हणजे १००० दलघमी पाणी मावते. वीजगृहाखालची नदी ५०० मीटरवर वाहते, म्हणून भरलेल्या जलाशयातले पाणी टर्बाइनवर १०० मीटर उंचीवरून येते. या उंचीला आम्ही शीर्ष किंवा सरळ हेड म्हणतो. टर्बाइनसाठी पाणी घेता येईल अशी सर्वांत खालची पातळी ५७० मीटर. तिच्याखाली ३४३ दलघमी पाणी आहे, पण विजेसाठी ते नाही; तो मृत साठा. वरचे ६५७ दलघमी हा उपयुक्त साठा.

आता हे ३० मीटर दहा-दहाच्या तीन थरांत वाटू. वरच्या थरात, ६०० ते ५९० मीटरच्या दरम्यान, २७१ दलघमी पाणी येते. मधल्यात २१७. खालच्यात फक्त १६९. थरांची जाडी सारखीच, पण दरी खाली आवळत जाते.

विजेत हा फरक आणखी वाढतो. एक घनमीटर पाणी १०० मीटरवरून टर्बाइनवर आले आणि यंत्रांची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर त्यातून साधारण पाव युनिट वीज मिळते. म्हणजे एका युनिटला चार घनमीटर. शीर्ष निम्मे झाले की त्याच युनिटला आठ घनमीटर लागतात. या हिशेबाने आपल्या जलाशयाच्या वरच्या थरातून सुमारे ६.३ कोटी युनिट निघतात, मधल्यातून ४.५ कोटी आणि खालच्यातून ३.१ कोटी. वरचे दहा मीटर खालच्या दहा मीटरांच्या दुप्पट वीज देतात. पातळी एक तृतीयांश उतरली एवढेच पाहणाऱ्याला वाटते की दोन तृतीयांश वीज शिल्लक आहे. प्रत्यक्षात ४५ टक्के वीज संपलेली असते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर याच आकड्यांत आहे. भरलेल्या अवस्थेत या जलाशयाचे पाणी ३० चौरस किलोमीटरवर पसरलेले असते. ५७० मीटरला ते १५ चौरस किलोमीटरच्या आत येते. म्हणजे तेवढेच पाणी काढले तरी पातळी दुप्पट उतरते. त्यात शीर्ष १०० वरून ७० मीटरवर आल्याने तेवढीच वीज हवी असेल तर जवळजवळ दीडपट पाणी सोडावे लागते. दोन्हींचा गुणाकार केला तर वर असताना आठवड्याला एक मीटर उतरणारी पातळी तळाजवळ आठवड्याला जवळपास तीन मीटर उतरते. कोणी पाणी चोरत नाही, गळतीही नसते. उतरणीला लागलेला जलाशय असाच उतरतो, आणि अनुभवी परिचालक उन्हाळ्याचे नियोजन करताना हा वेग आधीच हिशेबात धरतो.

त्यातही एक खाच आहे, जी पुस्तकी सूत्रात चटकन दिसत नाही. शीर्ष कमी झाले की टर्बाइनची दारे पूर्ण उघडूनही तेवढे पाणी आत येत नाही, कारण पाणी आत ढकलणारा दाबच कमी झालेला असतो. प्रवाह शीर्षाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो आणि त्या प्रवाहाची प्रत्येक घनमीटरमागची वीजही घटते. म्हणून ज्या संचाने, म्हणजे टर्बाइन आणि जनित्राच्या जोडीने, १०० मीटर शीर्षाला दारे पूर्ण उघडून १०० मेगावॉट दिले, तो ७० मीटरला ७० नव्हे, तर ५९ मेगावॉटच्या आसपास येऊन थांबतो. जनित्राची स्वतःची मर्यादा असल्याने वरच्या पातळ्यांना ही घट बराच काळ जाणवत नाही. पण ज्या शीर्षासाठी संच घडवला त्या संकल्पित शीर्षाच्या खाली गेले की ती उघडी पडते. संध्याकाळी विजेची मागणी चढते तेव्हा ग्रिडला युनिटांपेक्षा त्या क्षणाचे मेगावॉट हवे असतात. त्यामुळे पातळी खाली गेल्याची झळ सर्वांत आधी तिथे बसते.

तुम्ही टिपलेल्या टक्केवारीबद्दलही इथेच बोलतो, कारण लोकांचा सर्वाधिक गोंधळ तिच्यामुळे होतो. आपल्या जलाशयाची पातळी ५८० मीटर असेल त्या दिवशी एकूण साठा ५१ टक्के असतो आणि उपयुक्त साठा २६ टक्के. दोन्ही आकडे खरे. एका ठिकाणी ‘निम्मा भरलेला’ छापून येते, दुसऱ्या ठिकाणी ‘चतुर्थांशच शिल्लक’, आणि वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी खोटे बोलते आहे. टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय तिचा उपयोग नाही. पातळीवरून साठा काढायचे कोष्टकही दर काही वर्षांनी नव्याने पाहणी करून तयार करावे लागते, कारण गाळ येतच असतो. तो फक्त तळाच्या मृत साठ्यात जाऊन बसतो हा समज चुकीचा आहे. नदी जिथे जलाशयात शिरते तिथे तिचा वेग मोडतो आणि जाड गाळ वरच्या अंगालाच, उपयुक्त साठ्याच्या जागेत, त्रिभुज प्रदेशासारखा साचत जातो. जुन्या कोष्टकावर काढलेली टक्केवारी म्हणजे आज तिथे नसलेले पाणी मोजणे होय.

आता पावसाळ्यात जलाशय रिकामा ठेवण्याचा प्रश्न. वीज काढणाऱ्याचा ओढा नेहमी वरच राहण्याकडे असतो. १०० मीटर शीर्षाच्या केंद्रात पातळी एक मीटर वर ठेवली तर तिथून जाणाऱ्या प्रत्येक थेंबातून एक टक्का जास्त वीज मिळते. वर्षभरात ती मोठी रक्कम होते. पण जलाशय भरलेला असताना पूर आला, तर येणारे जास्तीचे पाणी सांडव्यावरून जाते आणि त्या पाण्याची सगळीच वीज जाते. एक टक्क्यासाठी शंभर टक्के पणाला लावायचे का, हा रोजचा हिशेब. आणि तो निव्वळ विजेचा झाला. खाली माणसे राहतात, त्यांचा हिशेब त्याहून वरचा.

चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाचे उदाहरण या बाबतीत सर्वांत ठसठशीत आहे. तिथली पूर्ण पातळी १७५ मीटर. पण पुराचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ती १४५ मीटरपर्यंत उतरवली जाते. या ३० मीटरांत २२.१५ अब्ज घनमीटर पाण्याची जागा मोकळी राहते. २२,५०० मेगावॉट क्षमतेचे जगातले सर्वांत मोठे वीजकेंद्र नदीला सर्वाधिक पाणी असते त्याच महिन्यांत आपले शीर्ष जाणूनबुजून सोडून देते. हंगाम ओसरताना शरद ऋतूत पाणी साठवत पातळी पुन्हा वर नेली जाते. पुढच्या तारखेला पातळी कुठे असावी, हे आधीच आखून ठेवलेल्या रेषेला रूल कर्व्ह म्हणतात. जलाशय परिचालन सूची म्हणजे तीच रेषा तक्त्याच्या रूपात. म्हणून पातळी सांगताना तारीखही सांगावी लागते. हंगामाच्या सुरुवातीला ९० टक्के ही काळजीची गोष्ट, शेवटी तेच ९० टक्के समाधानाची.

मोकळी जागा ठेवली नाही तर काय होते, ते अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणावर १९८३ मध्ये दिसले. कोलोरॅडो नदीवरचा हा जलाशय, लेक पॉवेल, १९८० मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरला होता आणि १९८३ च्या वसंतातही जवळजवळ भरलेलाच होता. मग डोंगरातला बर्फ उशिरा, पण एकदम वितळला. त्यात पाऊसही पडला. सांडव्याची भुयारे उघडावी लागली. त्या भुयारांत पाण्याचा वेग एवढा होता की अस्तराच्या बारीक उंचसखलपणामागे पाण्यात पोकळ्या तयार होऊन फुटू लागल्या. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. त्याने काँक्रीटचे अस्तर उखडले आणि पाणी मागचा वालुकाश्म खोदू लागले. भुयारांतून कमी पाणी सोडायचे तर जलाशयात जास्त साठवायला हवे, आणि साठवायला जागा नाही. शेवटी सांडव्याच्या दरवाजांच्या माथ्यावर सुमारे १.२ मीटर उंचीच्या प्लायवुडच्या फळ्या उभारल्या. नंतर त्यांच्या जागी २.४ मीटरचे पोलादी पत्रे आले. जुलैच्या मध्यात पातळी पूर्ण संचयाच्या अडीच मीटर वर जाऊन थांबली. धरण वाचले. पुढे त्या भुयारांत हवा शिरायला खाचा करण्यात आल्या, म्हणजे पोकळ्यांचा मारा काँक्रीटवर बसू नये. ज्या एक-दोन मीटरांची किंमत वसंतात नगण्य वाटत होती, त्यांच्यासाठी जुलैत फळ्या ठोकाव्या लागल्या. एखाद्या धरणातून पाऊस पडत असताना पाणी सोडले की ‘वाया घालवले’ म्हणून ओरड होते, तेव्हा मला हे आठवते. त्या दिवशीची पातळी, तारीख आणि वरून येणारा येवा पाहिल्याशिवाय असा निवाडा करू नये.

पुराच्या दिवसांतली आणखी एक बाब वाचकांना उलटी वाटते. शीर्ष म्हणजे वरच्या आणि खालच्या पाण्यातला फरक. मोठ्या पुरात धरणाखालची नदीही चढते. उंच धरणाला त्याचे विशेष वाटत नाही, पण नदीच्या प्रवाहावरच चालणाऱ्या दहा-पंधरा मीटर शीर्षाच्या केंद्रात ऐन पुरात हा फरक एवढा घटतो की संच बंद करावे लागतात. पाणीच पाणी, आणि वीज शून्य.

तिसरा प्रश्न, समोर पाणी असताना केंद्र बंद का. पाणी आत घेणारे तोंड, म्हणजे इनटेक, ठरावीक तलांकावर असते. पातळी त्या तोंडाला टेकायच्या बऱ्याच आधी थांबावे लागते. न्हाणीघराच्या मोरीत पाणी संपत आले की भोवरा होऊन ते घुरघुरत हवा ओढते, हे तुम्ही पाहिले असेल. तेच इथे होते. फरक एवढाच की ही हवा थेट दाबनलिकेत, म्हणजे टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या नळात, आणि टर्बाइनमध्ये जाते. संच हादरतात, नलिकेत दाबाचे धक्के बसतात, भोवऱ्याबरोबर ओंडके आणि कचरा तोंडावरच्या जाळीवर येऊन आदळतो. तोंडावर किमान किती पाणी हवे, याचा एक साधा ठोकताळा जलविद्युत अभियंता जे. एल. गॉर्डन यांनी १९७० मध्ये दिला: तोंडातला पाण्याचा वेग गुणिले तोंडाच्या उंचीचे वर्गमूळ, आणि त्याला सुमारे ०.५४ ने गुणायचे. पाणी एका बाजूने तिरके येत असेल तर ०.७२ ने. वेग सेकंदाला ४ मीटर आणि तोंड ५ मीटर उंचीचे असेल तर माथ्यावर ५ ते साडेसहा मीटर पाणी हवे. वरून शांत दिसणारे हे पाणी भोवरा होऊ न देण्यासाठी राखलेले असते.

दुसरे कारण टर्बाइनचे. फ्रान्सिस या प्रकारचे टर्बाइन ज्या शीर्षासाठी घडवलेले असते त्याच्या बरेच खाली चालवले तर त्याच्या पात्यांवर पाणी चुकीच्या कोनात येते, टर्बाइनखालच्या नळीत पाण्याचा दोर पिळवटल्यासारखा फिरू लागतो आणि संपूर्ण संच थरथरतो. ही थरथर पायाखालच्या जमिनीतून कळते. ती कळल्यावरही दोन-चार मेगावॉटसाठी संच ओढत राहणे मला कधीच पटले नाही. अशा चालण्याचे बिल पुढे पात्यांच्या भेगांमध्ये येते.

या बंधनाचे सर्वांत मोठे रूप आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवरच्या करिबा जलाशयात आहे. आकारमानाने हा जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय; भरला की सुमारे १८० अब्ज घनमीटर. पण वीजनिर्मितीसाठी तो ४७५.५ ते ४८८.५ मीटर एवढ्या १३ मीटरांतच वापरता येतो आणि त्या पट्ट्यात ६५ अब्ज घनमीटरच्या आसपास पाणी आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर उपयुक्त साठा पाच टक्क्यांच्याही खाली गेला, तेव्हा नदीच्या प्राधिकरणाने झिंबाब्वेच्या बाजूच्या केंद्राला निर्मिती थांबवायला सांगितले. त्या क्षणी जलाशयात १०० अब्ज घनमीटरहून जास्त पाणी होते.

यावर उपाय दोन: तोंड खाली न्यायचे किंवा टर्बाइन बदलायचे. अमेरिकेतल्या हूवर धरणाने दुसरा मार्ग घेतला. त्याच्या जलाशयाची, लेक मीडची, पातळी सुमारे ३२० मीटरच्या खाली गेली की तिथली जुनी टर्बाइने चालवता येत नव्हती. सतरापैकी पाच संचांवर कमी शीर्षातही नीट चालणारी नवी टर्बाइने बसवली आणि ही मर्यादा सुमारे २९० मीटरपर्यंत खाली गेली. २०२२ च्या उन्हाळ्यात पातळी ३१७ मीटरपर्यंत उतरली, १९३० च्या दशकात जलाशय भरल्यापासूनची सर्वांत खालची. आधीच केलेला तो बदल तेव्हा उपयोगी आला. कोयनेला पहिला मार्ग निवडला गेला. भरलेल्या जलाशयाच्या तळाला शेवटचा खडक सुरुंगाने उडवून भुयार जोडायचे, हे लेक टॅपिंग तिथे १९९९ आणि २०१२ असे दोनदा झाले. जलाशय रिकामा न करता खालचे पाणी उचलण्याची ही वाट आहे.

पातळी किती हा एक भाग झाला. ती किती वेगाने बदलते हा दुसरा, आणि बातम्यांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. मातीच्या धरणाचा पाण्याकडचा उतार आतून भिजलेला असतो. बाहेरच्या पाण्याचा भार त्याला टेकू देतो. बाहेरचे पाणी झपाट्याने उतरवले तर आतले पाणी तेवढ्या लवकर निथळत नाही. टेकू गेला, ओझे राहिले, की उतार खचतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस धरणात १९८१ च्या उन्हाळ्यात १२० दिवसांत पातळी सुमारे ५५ मीटर उतरवली गेली आणि सप्टेंबरमध्ये पाण्याकडच्या उताराचा मोठा भाग सरकला. सरासरी काढली तर दिवसाला अर्धा मीटरही नव्हे. ऐकायला किती किरकोळ वाटते! पण रोज, चार महिने, न थांबता.

काठावरचे डोंगरही असेच वागतात. इटलीतल्या वायोंट जलाशयावर काठाचा डोंगर सरकतो आहे हे कळले होते, आणि पातळी वर-खाली करून ते सरकणे ताब्यात ठेवता येईल अशी समजूत होती. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री, पातळी उतरवली जात असतानाच, सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर एकाच वेळी जलाशयात कोसळला. २६० मीटरहून उंच धरण उभेच राहिले. त्यावरून उसळलेल्या लाटेने खालच्या दरीतली सुमारे दोन हजार माणसे नेली. जलाशयाच्या काठावर नवी भेग दिसली, झाडे कलली, तर गावकऱ्यांनी ती कळवावी आणि अधिकाऱ्यांनी ती त्याच दिवशी जाऊन पाहावी. पाळीच्या वहीत अशा नोंदीला मी पातळीइतकीच जागा देत आलो.

मोजमापाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तुम्ही स्वतः नोंदी ठेवता. समजा, पाणी १०० चौरस किलोमीटरवर पसरले आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख घनमीटर. जलाशयात किती येवा आहे, म्हणजे किती पाणी येते आहे, हे कोणी थेट मोजत नाही; साठ्यातला फरक आणि सोडलेले पाणी यांवरून तो काढतात. दर तासाला काढायला बसलात, तर पातळीच्या मोजपट्टीवरची एक सेंटिमीटरची चूक सेकंदाला २७८ घनमीटरचा पूर दाखवते, किंवा तेवढाच उणे येवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रात्री माझ्या हिशेबात नदी उलटी वाहू लागली होती. माझ्या वरिष्ठांनी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि मला बाहेर, धरणाच्या माथ्यावर नेले. वारा धरणाकडून जलाशयाच्या वरच्या टोकाकडे वाहत होता आणि पाणी तिकडे लोटत होता. आमच्या पट्टीजवळ पातळी उतरलेली, दूरच्या टोकाला चढलेली. तीच चूक २४ तासांवर पसरली तर सेकंदाला १२ घनमीटरही उरत नाही. म्हणून येवा दिवसाच्या सरासरीने पाहा, आणि पूर असेल तरच तासाच्या आकड्यावर, तोही दोन वेगवेगळ्या जागांच्या पट्ट्या जुळत असतील तर, विश्वास ठेवा.

दोन स्वतंत्र मोजमापे का हवीत, याचे उत्तर अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या टॉम सॉक प्रकल्पात आहे. हा उदंचन प्रकल्प होता: मागणी कमी असताना पाणी डोंगरमाथ्यावरच्या जलाशयात चढवायचे, मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. असा जलाशय रोज भरतो आणि रोज उतरतो. त्याला सांडवा नव्हता; ‘भरले, आता थांब’ हे पंपांना सांगण्याचे काम पातळी मोजणाऱ्या उपकरणांवर सोपवलेले होते. ही उपकरणे ज्या नळ्यांत होती त्या नळ्या आधारातून सुटल्या, वाकल्या आणि खऱ्यापेक्षा कमी पातळी दाखवू लागल्या. आणीबाणीत पंप थांबवणारी राखीव उपकरणे काठाच्या सर्वांत खचलेल्या जागेपेक्षाही उंचावर लावलेली होती. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पाणी काठावरून वाहू लागले, बांध फुटला आणि जवळजवळ सगळा जलाशय अर्ध्या तासाच्या आत डोंगरावरून खाली गेला. पायथ्याच्या उद्यानात राहणारे एक कुटुंब घरासह वाहून गेले. ते सगळे वाचले. उन्हाळ्यात त्या उद्यानात तंबू ठोकून लोक राहतात. डिसेंबर होता म्हणून तिथे दुसरे कोणी नव्हते. उपकरण कितीही नवे असो, रंगवलेली साधी मोजपट्टी आणि ती डोळ्यांनी वाचणारा माणूस यांना मी आजही काढू देणार नाही.

तुमच्या नोंदीच्या वहीत पातळीशेजारी आणखी तीन रकाने घाला: दिवसाचा येवा, टर्बाइनमधून गेलेले पाणी आणि सांडव्यावरून गेलेले पाणी. वेळही नेहमी एकच ठेवा. सकाळची ठेवली तर उत्तम, कारण तोवर वारा बहुधा पडलेला असतो. आणि आकडा ज्या शून्यापासून मोजला आहे तो शून्य लिहून ठेवा. समुद्रसपाटीपासूनचा तलांक, धरणाच्या तळापासूनची उंची आणि पट्टीवरचे वाचन हे तीन वेगळे आकडे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की वर्षांची मेहनत वाया जाते.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. जलाशयाची पातळी खाली आहे म्हणून धरणाखालचे पात्र सुरक्षित होत नाही. तिथले पाणी जलाशयाच्या पातळीने चढत नाही, संच सुरू झाल्याने चढते, आणि पातळी सर्वांत खाली असते त्या उन्हाळ्यातच संध्याकाळची मागणी सर्वाधिक असते. सेकंदाला १०० घनमीटर पाणी घेणारा संच बंद अवस्थेतून काही मिनिटांत पूर्ण भारावर येतो. पात्र ५० मीटर रुंद आणि पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर असेल, तर तेवढ्याने एक मीटर खोलीचा लोंढा तयार होतो. वर आकाश निरभ्र असते. एक मीटर खोल आणि त्या वेगाच्या पाण्यात धडधाकट माणूसही उभा राहू शकत नाही. भोंगा वाजला तर सामान गोळा करत बसू नका, आहे तसे वर या. भोंगा ऐकू आला नाही तरी काठाचे खडक पाहा: रोजच्या पाण्याने काळपट झालेला आणि शेवाळलेला भाग जिथे संपतो ती रेघ दिसते. मुलांना घेऊन बसायचे असेल तर त्या रेघेच्या बरेच वर बसा, आणि वर चढायची वाट तुमच्या बाजूच्याच काठावर आहे ना, हे आधी पाहून ठेवा.